डोळ्यामागचा ओलावा

समजा, एकाच आठवड्यात नागपूरच्या एखाद्या नेत्रविभागात दोन बाया आल्या. एक चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडची, दुसरी तिथल्याच तळोधीची. दोघींचेही डोळे बाहेर आलेले, वरची पापणी इतकी ओढलेली की बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसतो आणि समोरच्याला वाटते, बाई उगाच डोळे वटारून पाहते आहे. दोघींनाही थायरॉईडचा आजार. दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर फारसा फरक सांगता येणार नाही. पण एकीला बारा आठवडे शिरेतून स्टेरॉईड दिले तर तिचा डोळा वाचेल. दुसरीला तेच औषध दिले तर साखर वाढेल, यकृतावर ताण येईल, दबलेला क्षयरोग डोके वर काढू शकेल आणि डोळा जिथे आहे तिथेच राहील. तिला लागेल शस्त्रक्रिया, तीही आजार पूर्ण थंडावल्यावर.

या दोघींत कोण कोणती, हे ठरवण्याचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. डोळा किती बाहेर आला आहे, हे मोजपट्टीसारख्या साध्या उपकरणाने कळते. हर्टेल या जर्मन डॉक्टरने १९०५ मध्ये बनवलेले ते उपकरण आजही वापरात आहे. डोळ्याच्या बाहेरच्या हाडाच्या कडेपासून बुबुळाच्या टोकापर्यंतचे अंतर ते मिलिमीटरमध्ये देते. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक आला की डॉक्टरचे कान टवकारतात. पण आत, डोळ्याच्या मागे, सूज अजून ताजी आहे की सुकून तिचा व्रण झाला आहे, हे हर्टेलला कळत नाही. ते आकड्यात सांगण्यासाठी एमआरआयचा एक वेगळा वापर गेल्या काही दशकांत पुढे आला आहे.

आधी आजाराकडे वळू. गळ्यातली अवटू ग्रंथी म्हणजे थायरॉईड. ती मेंदूखालच्या ग्रंथीकडून येणाऱ्या संदेशाप्रमाणे काम करते आणि तो संदेश घेणारे रेणू तिच्या पेशींवर असतात. काही माणसांच्या शरीरात रोगप्रतिकारशक्ती चुकते आणि या संदेशग्राही रेणूंवरच प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडे ग्रंथीला सतत चेतवत राहतात. मग छाती धडधडते, वजन उतरते, हात थरथरतात, उन्हाळा सोसत नाही. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीतल्या मर्सेबुर्ग गावच्या कार्ल फॉन बाझेडो यांनी १८४० मध्ये हे चित्र लिहून ठेवले. गळ्याची गाठ, धडधड आणि बाहेर आलेले डोळे या तिन्हींची सांगड बाझेडोच्या गावावरून ‘मर्सेबुर्गची त्रयी’ म्हणून ओळखली गेली. इंग्रजी बोलणाऱ्या जगात मात्र आजाराला ग्रेव्ह्जचे नाव चिकटले.

आपल्याकडे गळ्याला गाठ दिसली की लोक गलगंड म्हणतात आणि मीठ बदलायला सांगतात. सल्ला वाईट नाही, पण तो दुसऱ्या आजाराचा आहे. आयोडीन कमी पडल्याने ग्रंथी सुजते तो गलगंड वेगळा. त्यावरचा उपाय भारताने हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात शोधला. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथे आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज घरातल्या मिठात दर दहा लाख भागांत किमान पंधरा भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. डोळे बाहेर काढणारा आजार मिठाच्या कमतरतेचा नाही. त्यामुळे चांगल्या मिठाची पिशवी आणून तो बरा होत नाही, आणि मीठ तोडूनही नाही. बाजारात ‘थायरॉईडला मीठ वर्ज्य’ असे सांगणारे वैदू भेटतात. त्यांचे ऐकून पोरांच्या ताटातले आयोडीनही कमी करणे हा वर दुसरा तोटा.

आता डोळ्याकडे. ज्या प्रतिपिंडांनी ग्रंथीला चेतवले, तीच डोळ्यामागच्या तंतुपेशींना चेतवतात, कारण त्या पेशींवरही तोच संदेशग्राही रेणू असतो. त्याच्या जोडीला इन्शुलीनसारख्या वाढघटकाचा दुसरा ग्राही रेणूही त्यात सामील असतो. चेतवलेल्या पेशी हायलुरॉनिक आम्ल नावाचा पदार्थ ओततात. हा पदार्थ पाणी जबर धरून ठेवतो. काही पेशींची चरबी होते. डोळा हलवणारे स्नायू पाण्याने आणि पांढऱ्या पेशींनी फुगतात. खालचा सरळ स्नायू बहुधा आधी, मग नाकाकडचा, मग वरचा आणि शेवटी कानाकडचा. स्नायूचे पोट फुगते, पण डोळ्याला चिकटणारा कंडरा बहुतेकदा बारीकच राहतो. ही खूण क्ष-किरण तज्ज्ञांना फार उपयोगी पडते, कारण डोळ्यामागच्या इतर काही सुजांमध्ये कंडराही जाड होतो.

डोळ्याची खोबण हाडाची, चारही बाजूंनी बंद, फक्त पुढून उघडी. तिची एकूण जागा सुमारे ३० मिलिलिटर. त्यात चार-पाच मिलिलिटर माल वाढला तरी डोळ्याला पुढे सरकण्याशिवाय वाट उरत नाही, आणि तो काही मिलिमीटर बाहेर येतो. चेहऱ्यावर दिसणारे हे बाहेर येणे खरे तर डोळ्याने स्वतःला दिलेली सवलत असते. ज्यांची पापणी घट्ट असते त्यांचा डोळा फारसा बाहेर येत नाही, पण मागे खोबणीच्या टोकाशी फुगलेले स्नायू दृष्टीच्या नसेला, म्हणजे दृष्टीचेतेला, आवळत राहतात. म्हणून ‘डोळे फार बाहेर नाहीत, म्हणजे आजार सौम्य’ हा हिशेब धोक्याचा आहे. दृष्टी जाण्याची भीती अशाच डोळ्यांत जास्त असते.

आजाराला दोन अवस्था असतात. पहिल्या काही महिन्यांत सूज चढते. मग ती एका पातळीवर थांबते आणि हळूहळू थोडी उतरते, पण पूर्वीची स्थिती बहुधा परत येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्रान्सिस रंडल यांनी १९४५ मध्ये हा चढउतार आलेखाने मांडला. आजही प्रत्येक नेत्रतज्ज्ञ ‘रंडलची वक्ररेषा’ शिकतो. चढत्या अवस्थेत स्टेरॉईड काम करते, कारण दाबायला सूज असते. उतरून गेल्यावर स्नायूत तंतू भरतात, ते आखडतात, एकाचे दोन दिसू लागतात, आणि तिथे औषधाला दाबण्यासारखे काही उरत नाही. एकूण खेळ दीड ते तीन वर्षांचा. त्यात औषधाची खिडकी थोड्याच महिन्यांसाठी उघडी असते. आपल्याकडे ती बहुधा कशात जाते? डोळे आले म्हणून मेडिकलवरून आणलेल्या थेंबांत. ते संपले की ॲलर्जीच्या थेंबांत. मग चष्म्याच्या नंबरात. डोळ्यांची शिबिरे होतात, पण ती मोतीबिंदूसाठी होतात. तिथे मोतीबिंदू नाही म्हटल्यावर माणूस निश्चिंत होऊन घरी जातो.

अवस्था ओळखण्याची एक साधी पद्धत १९८९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दिली. सात प्रश्न आहेत. डोळ्यामागे आपोआप दुखते का? डोळा फिरवताना दुखते का? पापण्या लाल आहेत का? सुजल्या आहेत का? डोळ्याचा पांढरा भाग लाल आहे का? त्यावर पाणी भरल्यासारखी सूज आहे का? नाकाकडच्या कोपऱ्यातला गुलाबी मांसल भाग फुगला आहे का? प्रत्येक होकाराला एक गुण. तीन किंवा जास्त गुण म्हणजे आजार जागा आहे. या पद्धतीला विजेरी आणि पाच मिनिटे पुरतात. मी तिचा मोठा चाहता आहे, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्रकक्षात हे सात प्रश्न मराठीत छापून भिंतीवर लावावेत असे माझे मत आहे.

पण तिच्यात खोट आहे. ती डोळ्याचा दर्शनी भाग पाहते. सूज जर खोलवर, खोबणीच्या टोकाशी असेल, तर पुढे लाली नसतेच. धुराने, धुळीने, धान झोडताना उडणाऱ्या कोंड्याने लाल झालेले डोळे थायरॉईडशिवायही दोन गुण मिळवतात. काही रुग्ण दुखण्याची तक्रार करत नाहीत. वर्षानुवर्षे दुखणे अंगवळणी पडलेल्या माणसाला ‘दुखते का?’ हा प्रश्न विचारणे कठीणच. शिवाय उत्तर फक्त हो किंवा नाही. सूज निम्मी उतरली तरी गुण तोच राहू शकतो.

मग एमआरआय काढतात. इथेही बहुतेक रिपोर्ट असा येतो की खालचा आणि आतला स्नायू ‘जाड व उजळ’. जाड म्हणजे किती, उजळ म्हणजे कशाच्या तुलनेत? नागभीडच्या बाजारात धान नेणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. व्यापारी मूठभर धान हातात घेतो, दाणा दाताखाली धरतो, ‘ओला आहे’ म्हणतो आणि भाव पाडतो. किती ओला, ते सांगत नाही, आणि न सांगण्यातच त्याचा फायदा असतो. आधारभूत खरेदी केंद्रावर मात्र आर्द्रतामापक असतो आणि १७ टक्क्यांची मर्यादा ठरलेली असते. दोघेही एकच गोष्ट पाहतात. पण दाताच्या निकालाशी भांडता येत नाही. मापकाच्या आकड्याशी भांडता येते, तो पुन्हा मोजता येतो, पुढच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडता येतो. नुसते चित्र पाहून वर्णन करणारा एमआरआय दातासारखा आहे. आकडा देणारा एमआरआय, ज्याला वैद्यकात परिमाणात्मक म्हणतात, तो मापकासारखा.

गंमत अशी की या विद्येत आकडा आधी आला आणि चित्र नंतर. १९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड परसेल या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातील हायड्रोजनची केंद्रके ठरावीक रेडिओलहरीला प्रतिसाद देतात. त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल मिळाले. १९५१ मध्ये ब्लॉकच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथिल अल्कोहोलचे, म्हणजे मोहाच्या दारूत जे असते त्याचेच, निरीक्षण केले आणि एकाऐवजी तीन वेगळे संकेत मिळवले. एकाच रेणूत तीन वेगवेगळ्या शेजारांत बसलेले हायड्रोजन वेगळे ओळखता येतात, हे त्यातून उघड झाले. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो आलेख अजून छापतात. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे भारतात परतले आणि त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभारला. त्याच १९५१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन वाहत्या द्रवांतला हाच प्रतिसाद मोजत होते. शरीरातले रक्त वाहतानाचा एमआरआय हा पुढे त्याच वाटेवरचा विषय झाला. एमआरआय म्हटले की आपल्याला परदेशी कंपन्यांची नावे आठवतात, ही दोन नावे आठवत नाहीत.

१९७१ मध्ये रेमंड डॅमेडियन यांनी उंदरांच्या गाठींमधले आणि निरोगी ऊतींमधले हे प्रतिसाद मोजले. दोन्हींत प्रतिसाद विरण्याचे काळ वेगळे निघाले. तेव्हा चित्र नव्हतेच, नुसते आकडे होते. चित्र १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी काढले, तेही पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे. लॉटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. पुढे चित्रे इतकी देखणी होत गेली की आकडे मागे पडले. डॉक्टर पडद्यावर काळे-पांढरे पाहून निर्णय घेऊ लागले. आता चाललेला प्रयत्न म्हणजे त्या चित्राच्या प्रत्येक ठिपक्यामागचा आकडा पुन्हा बाहेर काढणे.

तो आकडा कसा मिळतो ते पाहू. दवाखान्यातले सामान्य यंत्र दीड टेस्लाचे असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून हे जास्त. त्यात शिरल्यावर शरीरातल्या पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी फेऱ्या या गतीने डोलू लागतात. त्याच गतीची रेडिओलहर सोडली की ती केंद्रके एका लयीत येतात आणि संकेत देतात. लहर थांबली की लय मोडू लागते आणि संकेत विरत जातो. विरण्याच्या या काळाला टी-२ म्हणतात. मोकळ्या पाण्यात तो सेकंदांमध्ये मोजावा लागतो. हातापायांच्या निरोगी स्नायूत पाणी प्रथिनांना बिलगलेले असते, म्हणून तिथे तो साधारण ३० ते ५० मिलिसेकंद असतो. स्नायू सुजला की मोकळे पाणी वाढते आणि टी-२ लांबतो. व्रण होऊन तंतू भरले की पाणी ओसरते आणि तो पुन्हा आखडतो. आपल्याला हवी होती ती ओलीची मोजणी इथे मिळते. यंत्राने एकाच छेदाचे संकेत एकामागून एक अनेक वेळांना टिपले की विरण्याची रेषा काढता येते आणि प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतःचा टी-२ मिळतो. या नकाशात निरोगी स्नायू एका रंगात आणि सुजलेला दुसऱ्या रंगात दिसतो. पण रंग फक्त सोयीसाठी, खरा माल आकड्यात आहे.

मात्र एक मेख आहे. चरबीचा संकेतही हळू विरतो. आजार जुना झाला की काही स्नायूंत चरबी शिरते, आणि मग टी-२ लांबलेला दिसतो, सूज नसतानाही. बेसावध वाचणारा इथे फसतो आणि थंडावलेल्या आजाराला स्टेरॉईड देतो. म्हणून चरबीचा संकेत वेगळा काढावाच लागतो. एक उपाय म्हणजे तिचा संकेत दाबून टाकणे. दुसरा, जास्त नेटका उपाय १९८४ मध्ये डिक्सन यांनी दिला. पाण्याचा हायड्रोजन आणि चरबीचा हायड्रोजन किंचित वेगळ्या गतीने डोलतात. दीड टेस्लावर हा फरक सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा. दोन्ही एकमेकांना साथ देतात त्या क्षणी एक आणि उलटे होतात त्या क्षणी दुसरे चित्र टिपले की बेरीज-वजाबाकीने निव्वळ पाणी आणि निव्वळ चरबी वेगळी होते. त्यातून स्नायूत चरबी किती टक्के, हाही आकडा मिळतो. ओल जास्त आणि चरबी कमी असेल तर आजार ताजा. ओल कमी आणि चरबी जास्त असेल तर जुना. दोन आकडे एकत्र वाचले तर वर सांगितलेली फसगत टळते.

ज्या केंद्रात टी-२ चा नकाशा काढण्याची सोय नाही, तिथे एक स्वस्त मार्ग वापरतात. चरबी दाबलेल्या चित्रात डोळ्याच्या स्नायूची उजळता मोजायची आणि तिला कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूच्या उजळतेने भागायचे. हे गुणोत्तर कोणत्याही साध्या यंत्रावर निघते. त्याशिवाय पाण्याचे रेणू किती मोकळेपणी भटकतात हे मोजणारी पद्धत आहे, स्नायूंचे आणि चरबीचे घनफळ काढणारी आहे, रंगद्रव्य टोचून ते किती वेगाने शिरते हे पाहणारीही आहे. यातली शेवटची सोडली तर कुठल्याच पद्धतीला सुई लागत नाही, आणि मला तोच त्यांचा मोठा गुण वाटतो. मूत्रपिंड अशक्त असलेल्या रुग्णाला रंगद्रव्य देताना दहादा विचार करावा लागतो.

घनफळाबद्दल एक शब्द. स्नायू मोठा आहे, एवढ्यावरून तो सुजला आहे असे ठरत नाही. व्रण झालेला स्नायूही मोठाच राहू शकतो. घनफळ उपयोगी पडते ते वेगळ्या कामाला: खोबणीच्या टोकाशी किती गर्दी आहे आणि दृष्टीचेतेभोवती मोकळी जागा उरली आहे का, हे पाहायला. शस्त्रक्रिया करताना कुठली भिंत काढायची आणि किती, याचा विचारही त्यावरून होतो. त्या वेळी हाड नीट दिसावे म्हणून सीटी स्कॅनही लागतो. सीटी स्वस्त, झटपट आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मिळण्याजोगा. त्याचा दोष एवढाच की त्यात किरण लागतात आणि ओलीचा तपशील मिळत नाही.

आता या पद्धतीची दुसरी बाजू. स्नायू चार-पाच मिलिमीटर जाड, आणि यंत्राचा एक छेद सुमारे तीन मिलिमीटरचा. छेद जरा तिरका गेला की स्नायूबरोबर शेजारची चरबीही मापात येते. डोळा कधी स्थिर नसतो. रुग्णाला एका खुणेकडे बघत राहायला सांगावे लागते, नाहीतर आकडा पुसट होतो. सायनसमधल्या हवेमुळे खोबणीच्या खालच्या भागात चुंबकीय क्षेत्र वाकडे होते आणि चरबी नीट दबत नाही, नेमकी तिथेच जिथे सगळ्यात आधी सुजणारा खालचा स्नायू आहे. आणि मुख्य म्हणजे दीड टेस्लाचा आकडा आणि तीन टेस्लाचा आकडा एक नसतो. एका कंपनीच्या यंत्राचा आणि दुसरीच्या यंत्राचाही नसतो. सगळीकडे चालेल अशी धानाच्या १७ टक्क्यांसारखी एकच मर्यादा इथे ठरलेली नाही. १९९० च्या दशकापासून युरोपात आणि अलीकडे मुख्यतः चीनमध्ये झालेले अभ्यास सांगतात की लांबलेल्या टी-२ चे रुग्ण स्टेरॉईडला जास्त प्रतिसाद देतात, पण बरेचसे अभ्यास एकाच रुग्णालयातले आणि थोड्या रुग्णांचे आहेत. म्हणून आकडा एकदा घेण्यापेक्षा त्याच यंत्रावर दोनदा घेणे जास्त मोलाचे. उपचारापूर्वी एकदा, उपचारानंतर एकदा. आकडा उतरला की औषध लागू पडले.

नागभीडला याचा उपयोग किती? स्पष्ट सांगायचे तर, पहिल्या पायरीवर अजिबात नाही. पहिली पायरी म्हणजे रक्ताची थायरॉईड तपासणी आणि ते सात प्रश्न. दोन्ही गोष्टी तालुक्याच्या पातळीवर होऊ शकतात. सात प्रश्नांत उत्तर स्वच्छ मिळाले आणि आजार जागा निघाला, तर उपचार सुरू करायला आकड्याची वाट पाहू नये. युरोपीय तज्ज्ञ गटाच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार मध्यम ते तीव्र आजारात मेथिलप्रेडनिसोलोन दर आठवड्याला सहा आठवडे अर्धा ग्रॅम आणि पुढचे सहा आठवडे पाव ग्रॅम, एकूण साडेचार ग्रॅम, शिरेतून देतात. बहुधा त्याच्या जोडीला मायकोफेनोलेट. ते सुरू करण्याआधी साखर, यकृत आणि क्षयाची तपासणी हवी. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मंजूर झालेले टेप्रोटुमुमॅब हे नवे औषध डोळा लक्षणीयरीत्या आत घेते, पण त्याची किंमत सामान्य माणसाच्या कल्पनेबाहेरची आहे.

आकड्याचा एमआरआय लागतो तो मधल्या रुग्णांसाठी. सात प्रश्नांत एक-दोन गुण, पण दोन-दोन दिसणे वाढत चाललेले. किंवा एकाच बाजूचा डोळा बाहेर, तेव्हा थायरॉईडऐवजी गाठ तर नाही ना, ही शंका. किंवा सहा आठवडे औषध देऊनही फरक नाही, तेव्हा पुढे द्यावे की थांबावे, हा प्रश्न. असे रुग्ण ब्रह्मपुरी किंवा चंद्रपूर करत शेवटी नागपूरला किंवा सेवाग्रामला जातात. नागभीड-नागपूर ही बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातली अरुंद रुळांची गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि त्यानंतर भिवापूर-उमरेडमार्गे रस्त्याचाच आधार राहिला. एका बाजूला शंभरेक किलोमीटर, जाऊन-येऊन एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तपासणी अशी काढावी की दुसऱ्यांदा काढावी लागू नये. केंद्रावर आधीच विचारा, चरबी दाबून डोळ्याच्या खोबणीचे पातळ छेद काढणार का. साधा मेंदूचा एमआरआय या कामाला पुरत नाही, आणि अनेकदा तोच काढून आणला जातो.

आणखी काही गोष्टी घरूनच लक्षात ठेवाव्यात. काजळ आणि सुरमा पुसून जा. त्यातले धातूचे कण डोळ्याशेजारचे चित्रच खराब करतात. गोंदण असेल तर तंत्रज्ञाला सांगा. पारंपरिक काजळीचे गोंदण बहुधा त्रास देत नाही, पण बाजारातल्या काही रंगांत लोखंड असते. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम करणाऱ्यांनी, आणि चंद्रपूर-घुग्घुसच्या कारखान्यांत असे लोक पुष्कळ आहेत, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का हे आवर्जून सांगावे. १९८६ मध्ये अमेरिकेतून अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली: डोळ्यात नकळत राहिलेला कण चुंबकात हलला आणि आत रक्तस्राव झाला. सोबतच्या माणसानेही खोलीत काही धातू नेऊ नये. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक चुंबकाकडे खेचला जाऊन दगावला.

शेवटी एक कडू गोष्ट, जिला कुठलाही एमआरआय लागत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा डोळ्याचा आजार जास्त होतो, जास्त तीव्र होतो आणि औषध कमी लागू पडते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधणाऱ्या या जिल्ह्यांत हे सांगताना अवघडल्यासारखे होते, कारण त्या पानावर घरे चालतात. पान तोडणे सोडा असे कोणी म्हणत नाही. थायरॉईड वाढलेल्या माणसाने ते ओढणे सोडावे, एवढेच. खर्ऱ्याबद्दल, म्हणजे चघळायच्या तंबाखू-सुपारीबद्दल, या आजारापुरता पुरावा धुराइतका पक्का नाही. पण खर्रा सोडायला तोंडाचा कॅन्सर हे कारण पुरेसे आहे.

आणि थायरॉईडच्या रुग्णाला लाल रंग फिका, विटकरी दिसू लागला, किंवा एका डोळ्याने अक्षर धूसर झाले, तर दृष्टीचेता आवळली जात आहे असे समजा. तिथे रिपोर्टची वाट पाहू नका, थेंब बदलून पाहू नका, पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नका. जुने रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी सोबत घ्या आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात पोहोचा. काही दिवसांच्या उशिरानेही नजर कायमची जाऊ शकते.